वरची साय

३ फेब्रुवारी
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. अंधेरीतल्या आमच्या संस्थेचा कॅमेरा पृथ्वीभोवती फिरतो आणि नव्वदेक किलोमीटर उंचीवरच्या हवेच्या मंद उजेडाचे फोटो काढतो. खाली डोंगर किंवा वादळ हवेला धक्का देतं, त्याने उठलेल्या लाटा वर चढतात, उजेडाला सुरकुत्या पडतात. त्याही वर पोचल्या, की अंतराळातलं हवामान बिघडून उपग्रहांची वाट लागते. हे वर्तमानपत्रांना मराठीत सांगायचं, हे माझं काम. सहकारी कल्पिता, इंजिनिअर, वर्सोव्याची. तिनेच तिच्या आत्याकडे, मंजुळाबाईंकडे, मला खोली मिळवून दिली. अगदी समुद्रालगत. बोंबलांचा वास भाड्यात धरलेला.

५ फेब्रुवारी
त्या सुरकुतलेल्या थराला मी ‘संतानिका’ शब्द सुचवला. संस्कृतात दुधावरची साय. कल्पिताने मला विचारलं, काका, ही कुणाची मुलगी? शेवटी ‘साय’वर तडजोड झाली. गंमत म्हणजे मला सायीची शिसारी. चहावर धरली, की कडेला बोट लावून ओढतो आणि बशीला पुसतो. मंजुळाबाई म्हणाल्या, एवढं शिकलात, पण चहा प्यायची रीत नाही.

९ फेब्रुवारी
फोटोत नेमक्या वर्सोव्यावर गोल गोल सुरकुत्या. खाली ना डोंगर, ना वादळ. कल्पिता म्हणाली, तुमच्या घोरण्याचा धक्का असेल.
आज कोऱ्या चहावरही साय धरली. कोमट, लिबलिबीत. बोटावर घेतली, तर तिच्यात बारीक केस. ओकलो.

११ फेब्रुवारी
पाण्यावर साय. भातावर साय. सकाळी माझ्या दंडावर. सोलली, तर अख्खा पापुद्रा निघाला, लवेसकट. दुखलं नाही, त्याचीच जास्त किळस आली. मंजुळाबाईंचा एक गाल समुद्राकडे ओढल्यासारखा दिसतो. वय झालं, म्हणतात.

१२ फेब्रुवारी
कल्पिताचा फोन. आवाज रडवेला. लाटा खालून चढत नाहीयेत म्हणे. वरून उतरतायत. वर्तुळाच्या मधोमध खळगा पडलाय, बोट टेकवल्यासारखा. आत्याला घेऊन लगेच अंधेरीला या, म्हणाली.
मंजुळाबाई हलत नाहीत. बोंबील वाळत घातलेत. उद्या बघू म्हणतात.

१३ फेब्रुवारी
हात धरून ओढलं त्यांना. कातडी माझ्या हातात आली. मोज्यासारखी. त्या आत — नाही, लिहवत नाही.

दारापुढची वाळू, होड्या, जाळी — सगळं चुण्या पडून एका बाजूला गोळा होतंय. माझा गालही.

साय मी नेहमी कडेने काढतो.

वर्सोवा जमिनीच्या कडेलाच —

वरही कुणाला तरी शिसा—