डाव्या सीटखालचं कारपेट

११ नोव्हें., मंगळवार. लातूर
ऑफिसातून आल्यावर गाडीच्या पुढच्या दोन्ही सीटा काढून व्हरांड्यात ठेवल्या. आधी बॅटरीची वायर सोडली. डावीकडचा एक बोल्ट गंजलेला, हाताची साल निघाली.
देवणीहून दवाखान्यात आणताना अप्पांनी याच डाव्या सीटवर प्राण सोडला. आई मागून त्यांची मान धरून होती. तेव्हापासून ती गाडीत बसत नाही. म्हणते, वास येतो.
नांदेडहून दादाचा फोन. "रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. आई बसली तर ठेव गाडी, न्हाई तर देऊन टाकू. शोकेसला ठेवायची हाय का?"
बरं म्हणालो.

१२, बुध.
जुनं कारपेट उचललं. खालचा फेल्टचा जाड थर अजून ओला, पत्र्याला गंज. आमच्या लिंगायत रीतीनं अप्पांना समाधीत बसवून आलो त्या दिवशी दादानं बादल्यांनी गाडी आतून धुतली होती. तेच पाणी कुजलंय. म्हणजे वास अप्पांचा नाहीच.
आईला सांगितलं. "आसंल," म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

१३, गुरु.
जुनं कारपेट नव्या रोलवर पालथं टाकून आखलं. कापून झाल्यावर कळलं, सगळं उलटं. पेडलची खाच डावीकडे, अप्पांच्या पायाशी. दुकानात दिलं असतं तर एका तासाचं काम. पण तिथं विचारतात, काय सांडलं होतं म्हणून.
उरलेल्या रोलमधून पुन्हा कापलं. पुरलं कसंबसं.

१५, शनि.
कारपेट बसलं. गिअरच्या उंचवट्यावर केस वाळवायच्या मशीननं गरम करून दाबलं. आता वास फक्त चिकटवायच्या सोल्यूशनचा. खालचा पत्रा कोरडा. उजवी सीट बसवली, बॅटरी जोडली.
डावी आणायला गेलो तर आई तिच्यावर पाठ टेकून शेंगा सोलत होती.
"ऊठ आई, बसवायची हाय."
"हितंच ऱ्हाऊ दे."
"उद्या दादा येतोय. सीटबिगर कोण घेईल गाडी?"
"नगं घेऊ दे की."
"मग तू बसशील गाडीत?"
तिनं पुढची शेंग फोडली. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय वैनी, कुठवर निघालाव?"
"जाईन तिकडं. हिला पेट्रोल लागत न्हाई."
हसली. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा. मी बोल्ट खिशात घातले.

१६, रवि.
सकाळीच दादाचा फोन. अहमदपूर सोडलंय, गिऱ्हाईक सोबत आहे. "गाडी तयार हाय ना?" कारपेट झालं म्हणालो. सीटचं बोललो नाही.
आई आंघोळ करून, विभूती लावून पुन्हा सीटवर. चहा तिथंच मागितला. बोल्ट माझ्या खिशात. दोनदा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणाली, "उजेड आडवू नको."
दूध संपलं होतं. गाडी काढून डेअरीवर गेलो. पिशव्या डावीकडे, अप्पांच्या जागी, नव्या कारपेटवर ठेवल्या. वळणावर सरकायला लागल्या तेव्हा एका हातानं धरल्या.