अडतीस सेंटिमीटरचा दरवाजा

सोमवार, ४ सप्टेंबर २०२३

आजपासून मी शिकाऊ क्वांटिटी सर्व्हेयर. वय चौपन्न. चार दिवस ऑफिस, बुधवारी ट्रेनने मँचेस्टरला युनिव्हर्सिटी. पाच वर्षांनी डिग्री. फी मला नाही, वर पगार मिळतो. हुशार माणसाला तीन वर्षं पुरावीत.

काम सोपं आहे. इमारत बांधायच्या आधी ती नकाशावर मोजायची. विटा किती, लाकूड किती, खर्च किती. माझा नवरा ट्रेव्हर सुतार होता आणि लग्नापासून त्याची बिलं मीच करत आले. त्याच्या हातात टेप असायची, माझ्या डोळ्यांतच आहे. त्याला जाऊन दीड वर्ष झालं. टेप व्हॅनमध्ये असेल. व्हॅन अजून उघडलेली नाही. वेळच मिळाला नाही.

संकल्प: रोज दोन तास अभ्यास. व्हॅन या महिन्यात विकणे. डोरीनला एवढ्यात काही न सांगणे.

रात्री: डोरीनला फोन केला. ती ट्रेव्हरची बहीण, कळायला हवंच. म्हणाली, अगं बेव्ह, तुला आयुष्यात एक कारपेट बरोबर मापाचं आणता आलं नाही! मी म्हटलं, कारपेट बरोबर होतं, खोली लहान निघाली.

बुधवार, ६ सप्टेंबर

युनिव्हर्सिटी. मी वर्गात शिरले आणि सगळे एकदम गप्प. दोघं तर उठून उभे राहिले. पहिल्याच दिवशी एवढा आदर.

दुपारी: मला शिकवायला आलेली बाई समजले होते. चूक स्वाभाविक आहे. चालण्यात रुबाब असतो काही जणांच्या.

मंगळवार, १९ सप्टेंबर

माझी वरिष्ठ रुखसाना. ब्लॅकबर्नची, एकोणतीस वर्षांची, मला अहो-जाहो करते. दबून असते बिचारी. आज मी नुसतं बघून सांगितलं की मीटिंगची खोली सहा मीटर. तिने मोजली. साडेचार भरली. म्हणाली, बेव्ह, तुमचा डोळा छान आहे, पण डोळा कोर्टात टिकत नाही. हातात धरता येईल असं काहीतरी वापरा.

पहिलं अर्धं वाक्य लिहून ठेवलं.

आज एक नियम शिकले. भिंत मोजताना त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक असेल, तर ते वजा करायचं नाही. भिंत सलग धरायची. त्याहून मोठं असलं तरच वजा. मला हा नियम फार आवडला. चहाबरोबर केकचा तुकडा खाल्ला तो याच नियमाने दिवसाच्या हिशेबात धरला नाही. दुसराही.

पलंगावरची ट्रेव्हरची बाजू अर्ध्या चौरस मीटरहून मोठी आहे. नियमाने वजा व्हायला हवी. मी अजून माझ्याच कडेला झोपते.

दिवा बंद.

शनिवार, ३० सप्टेंबर

व्हॅन विकली नाही. सप्टेंबरात व्हॅनला भाव नसतो, असं ऐकलंय. (कुणाकडून ते आठवत नाही.)

गुरुवार, १२ ऑक्टोबर

मोठी बातमी! आमच्या बोल्स क्लबला नवं पॅव्हिलियन बांधायचंय आणि अंदाजपत्रक आमच्या ऑफिसकडे आलंय. मधे फुगीर असलेली ती हिरवळ, त्यावर गोळे घरंगळवणारे आम्ही सगळे, आणि कडेला लाकडी खोपटं. ते आता इतकं गळतं की चहात साखरेआधी पाणी पडतं. लीगने कळवलंय की एप्रिलपर्यंत पाहुण्या संघाला बसायला छप्पर आणि धड संडास नसेल, तर घरचे सामने बंद. घरचे सामने बंद म्हणजे क्लबच बंद. निम्मे लोक ऐंशीच्या आसपास आहेत, ते पावसात बसने कुठे जाणार?

ट्रेव्हर तिथे दर शनिवारी खेळायचा. मी चहा करायचे.

रुखसाना म्हणाली, कच्चा अंदाज तुम्ही करा बेव्ह, मग मी तपासते, आणि तोवर क्लबला एक शब्द बोलायचा नाही. मी म्हटलं, मी म्हणजे बंद तिजोरी.

हे काम नीट झालं तर मार्चमधलं प्रोबेशन सहज पार. नाही झालं तर परत बेकरीच्या काउंटरवर. पण नाही कसं होईल?

सोमवार, ६ नोव्हेंबर

ऑफिसचा मोठा प्रिंटर बंद पडला. (मी फक्त झाकण उघडून पाहिलं होतं.) म्हणून नकाशा छोट्या प्रिंटरवर काढला. कागद लहान आहे, पण चित्र पूर्ण आलंय, एक रेघसुद्धा कापली गेली नाही. पट्टी ठेवून मोजायला घेतलं. नकाशावर मापांचे आकडेही आहेत, पण हल्ली फार बारीक छापतात. कोपऱ्यात एक सूचनाही आहे, मुंगीएवढी. सूचना कळायला त्या वाचाव्या लागतात असं नाही.

चष्मा बदलायची गरज नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

मोजणी झाली. तीन दिवसांत! संडासाचा दरवाजा अडतीस सेंटिमीटर आला. जरा अरुंद वाटला. पण आर्किटेक्ट तरुण आहे, त्याला पोट नाही. हल्ली सगळंच सडपातळ करतात, फोन, टीव्ही. क्लबचा सेक्रेटरी विल्फ आडवा होऊन जाईल.

ओटा गुडघ्याशी येतोय. बसून चहा करायची नवी पद्धत असणार. मला चालेल, माझे गुडघे दुखतात.

आणि खर्च! क्लबच्या गंगाजळीत आहे त्याहून कमी! पुन्हा बेरीज केली, तेवढीच आली. याचा अर्थ मी उत्कृष्ट काम केलंय.

उद्या रुखसानाला देते. आधी मुखपृष्ठ रंगीत करते.

शनिवार, १८ नोव्हेंबर

क्लबचं वार्षिक जेवण. मांस-बटाट्याचं पॅटिस आणि वाटाण्यांचा लगदा. छतातून वाटाण्यांत पाणी पडत होतं. सेक्रेटरी विल्फ टॅटरसॉल उभा राहिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पडलेला चेहरा. म्हणाला, मंडळी, पैसे काही पुरतील असं वाटत नाही, हा बहुधा आपला शेवटचा हिवाळा.

कोण गप्प बसेल? मी उठले आणि सांगून टाकलं. पुरतात! वर व्हरांडाही होईल!

एवढा आरडाओरडा मी क्लबमध्ये कधी ऐकला नव्हता. विल्फने माझे दोन्ही गाल धरले आणि म्हणाला, पोरी, ट्रेव्हर असता तर आज टेबलावर नाचला असता. ट्रेव्हर कधीच नाचला नसता. पण मी नाचले. टेबलावर नाही, शेजारी. डोरीनने मला मिठी मारली आणि म्हणाली, कारपेटचं मी मागे घेते. पंचवीस वर्षांनी! तेही सगळ्यांसमोर!

तिजोरी जरा उघडली, हे खरं. पण चांगल्या कारणाने उघडली.

मंगळवार, १९ डिसेंबर

अंदाजपत्रक अजून दिलेलं नाही. अनुक्रमणिका करतेय. रुखसाना विचारते, झालं का? मी म्हणते, झालंच. शहाण्याने घाई करू नये.

युनिव्हर्सिटीच्या पहिल्या निबंधाला एकेचाळीस मार्क. पासला चाळीस लागतात. म्हणजे फुकट गेलेलं काही नाही. याला म्हणतात काटकसर.

व्हॅन: नाताळात कोण घेणार?

शनिवार, १३ जानेवारी २०२४

आज क्लबने जुनं खोपटं पाडलं! माझ्या आकड्यावर विसंबून! सगळे आले, हातोडे, पहारी, थर्मास, आल्याचा केक. विल्फने पहिला घाव घातला, आणि दुसऱ्याची गरजच पडली नाही. सगळं आपणहून खाली बसलं. टाळ्या! डोरीन फळ्या ओढत गाणं म्हणत होती आणि बाकीचे तिला गप्प बस म्हणत होते.

आधी लॉकर रिकामे केले. ट्रेव्हरच्या लॉकरमध्ये त्याचे गोळे, पुसायच्या फडक्यात गुंडाळलेले. घरी आणले आणि सोफ्यावर ठेवले. घरंगळू नयेत म्हणून दोन्हीकडून उशा लावल्या.

आनंदाचा दिवस.

सोमवार, १५ जानेवारी

अंदाजपत्रक दिलं. रुखसाना मुखपृष्ठाबद्दल काही बोलली नाही. तिसऱ्या पानावर थांबली. म्हणाली, हा दरवाजा अडतीस सेंटिमीटर? मी तिला आर्किटेक्टच्या पोटाचं समजावून सांगितलं.

ती उठली. फायलींची दोन कपाटं सरकवून मधे अडतीस सेंटिमीटर जागा ठेवली, टेप लावून खात्री केली आणि म्हणाली, या, बेव्ह.

खांदे आडवे करून गेले. कंबर नाही गेली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. कोटाची बटणं काढून बाहेर आले. कोट आत राहिला. शेजारच्या टेबलावरचा माणूस खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत होता.

मग रुखसानाने भिंग दिलं. कोपऱ्यातली मुंगी म्हणत होती: पट्टी ठेवून मोजू नका, लिहिलेली मापं वाचा. आणि खाली कागदाचा मूळ आकार. माझा कागद त्याच्या निम्म्या मापाचा. लांबी निम्मी, रुंदी निम्मी, म्हणजे पॅव्हिलियन चौथाई. विटांचा खर्चही त्याच मापाने.

ती म्हणाली, अहो, सगळ्यांकडून होतं हे एकदा. बरं झालं, ऑफिसबाहेर कुणाला कळलं नाही.

मी म्हटलं, खोपटं पाडलं परवा.

रुखसाना खाली बसली. खुर्ची नव्हती.

गुरुवार, १८ जानेवारी

आज न जाण्याची कारणं: घसा. बर्फ पडेल. विल्फचं वय, धक्का सोसणार नाही.

रुखसाना गाडी घेऊन दारात. म्हणाली, मी येते बरोबर, पण सांगायचं तुम्ही.

विल्फच्या स्वयंपाकघरात कमिटी बसली होती, कारण दुसरीकडे बसायला आता छप्पर नाही. मी सांगितलं. चूक माझी, रुखसानाची नाही, प्रिंटरचीही नाही. विल्फने बराच वेळ कपात चमचा फिरवला. त्याने साखर घातलीच नव्हती. मग म्हणाला, म्हणजे आता एप्रिलला काय दाखवायचं? ढीग?

डोरीनने निघताना माझा मफलर नीट केला आणि म्हणाली, कारपेटचं मागे घेतलेलं रद्द हं.

रविवार, ३ मार्च

खरं पॅव्हिलियन व्हायला दोन वर्षं तरी जातील. वर्गणी, लॉटरी, जुन्या वस्तूंचा बाजार. पण लीगचा माणूस एप्रिलच्या पहिल्या शनिवारी येतोय. तंबू आणला होता, तो वाऱ्याने पलीकडच्या शाळेत नेला.

विल्फ आज दारात उभा राहून बोलत होता आणि बघत भलतीकडे होता. व्हॅनकडे. म्हणाला, पोरी, तिला छप्पर आहे. मी म्हटलं, तिला गिऱ्हाईक येतंय. तो म्हणाला, कधी? मी म्हटलं, बोलणी चालू आहेत.

बोलणी म्हणजे, मी रोज खिडकीतून बघते.

शुक्रवार, १५ मार्च

प्रोबेशनचा निकाल! सहा महिन्यांचं नऊ महिने केलंय. माझ्याशिवाय त्यांना करमत नाही असं दिसतं. शिवाय माझा नकाशा सप्टेंबरात येणाऱ्या नव्या शिकाऊ मुलांना दाखवणार आहेत. पहिल्याच वर्षी माझं काम अभ्यासक्रमात!

डोरीनला सांगितलं. ती म्हणाली, कशाचा नमुना म्हणून दाखवणार, तेही सांग ना. मी फोन ठेवला. बॅटरी कमी होती.

शनिवार, २३ मार्च

व्हॅन उघडली.

नुसती हवा लागावी म्हणून. आत अजून भुशाचा वास आहे. पुढच्या सीटवर थर्मास, अर्धं संपलेलं पेपरमिंटचं पाकीट, आणि टेप. थर्मासचं झाकण उघडलं नाही, दोन वर्षांचा चहा असेल. पेपरमिंट एक खाल्लं. मऊ पडलंय. मागे त्याच्या चौकटीच्या पट्ट्या, घासून तयार. कुणाच्या घराच्या होत्या कोण जाणे.

मग विल्फला फोन केला. म्हटलं, फक्त एका सीझनपुरती. गिऱ्हाईकाला थांबायला सांगते.

तो म्हणाला, गिऱ्हाईकाला माझा नमस्कार सांग.

शनिवार, ६ एप्रिल

व्हॅन सुरू झाली नाही. बॅटरी मेलेली. कमिटीने ढकलली, माझ्या दारापासून क्लबपर्यंत, चढावरून. मी स्टिअरिंगला. सगळ्यांचं वय मिळून हजार वर्षं असेल, निम्मं दम लागून बसत होतं, निम्मं हसून. डोरीन मागून ओरडत होती, अगं ब्रेक सोड, बेव्ह! ब्रेक! ब्रेक मी सोडलेलाच होता. जवळजवळ सोडलेला.

हिरवळीच्या कडेला लावली. आत दोन बाकं, मधे चहाचं पिंप. ट्रेव्हरच्या पट्ट्यांची विल्फने खिडकीला चौकट केली, अगदी बसली. शेजारी भाड्याचा संडास. विल्फ त्यात समोरून गेला, समोरून बाहेर आला, दोन्ही वेळा टाळ्या.

लीगचा माणूस आला. पावसात. व्हॅनमध्ये बसला, चहा घेतला, वर बघितलं, एक थेंब नाही. म्हणाला, आठ पाहुणे बसतील एवढी जागा पाहिजे, किती आहे? मी म्हटलं, अंदाजे सहा मीट—

रुखसाना चहा प्यायला आली होती. तिने बोलता बोलता ट्रेव्हरची टेप माझ्या हातात ठेवली. मोजलं. सव्वातीन भरली. त्याने आठ जण आत बसवून पाहिले. बसले, आठव्याच्या मांडीवर पिंप. या सीझनपुरतं पास. ओरडा असा झाला की पिंप सांडलं.

मला कुणी भाषण करायला सांगितलं नाही. कप विसळायला सांगितलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बघितलं, तर चारही टायर बसलेत, आणि चाकं मातीत गेलीत. विल्फ कुलूप लावायला थांबला होता. म्हणाला, पोरी, ही आता गाडी नाही राहिली, इमारत झाली.

बरोबर आहे. आणि क्लबची इमारत एकटीने विकता येत नाही.

गोळे घरून आणून आतल्या फळीवर ठेवले. उशांची गरज पडली नाही.

दर शनिवारी चहा माझ्याकडे. ओटा गुडघ्याशीच येतोय.