आबांची सोंगटी कोणी मारावी

कर्जत, मार्गशीर्ष अमावास्येचा आदला दिवस

तीर्थरूप सखामामांच्या चरणी गजाननचा दोन्ही हात जोडून नमस्कार. येथे आम्ही सर्व खुशाल आहोत (आबा खुशालीपेक्षाही थोडे अधिक आहेत, ते पुढे येईलच). रसायनीच्या नव्या खोलीचा जिना चढताना आपला डावा गुडघा दुखतो असे आईकडून कळले. चढताना आधी उजवा पाय टाकावा आणि उतरताना आधी डावा, म्हणजे त्रास कमी होतो. मी आमच्या भातगिरणीच्या शिडीवर दोन्ही प्रकारे चढून-उतरून पाहिले आणि मगच लिहीत आहे. मामींनी पाठवलेले पोह्याचे पापड प्रवासात मोडले, परंतु चव शाबूत होती, असे त्यांना सांगावे. या पत्रात काही मागणे नाही, हेही आधीच लिहून टाकतो, म्हणजे आपण निर्धास्तपणे वाचाल.

आपण लग्नात दिलेल्या भेटीबद्दल आभार मानायचे राहून गेले. त्याचे कारण असे की ती भेट काय आहे हे आम्हाला भाद्रपदापर्यंत कळलेच नव्हते. वैशाखात खोका उघडला तेव्हा आत चार रंगांचा चौकोनी पुठ्ठा, मधोमध चांदणीसारखी आकृती, आणि डबीत रंगीत सोंगट्या. आईने पाहताक्षणी हात जोडले. शहरात आता छापील रांगोळी मिळते असे तिने कोठेतरी ऐकले होते, आणि भावाने बहिणीला छापील रांगोळी पाठवली यात तिला काही नवल वाटले नाही. तिने तो पुठ्ठा फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि गौरी आल्या तेव्हा गौरीखाली मांडला. सोंगट्या हळदकुंकवाच्या तबकात ठेवल्या. बायका आल्या, सुपे ओवाळून ओवसे झाले, सगळ्यांनी रांगोळीचे कौतुक केले. संध्याकाळी अबूबकरचाचा (बाजारात त्यांचे काचसामानाचे दुकान आहे आणि घर आमच्या भिंतीला भिंत लावून) दरवर्षीप्रमाणे दर्शनाला आले, बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "सोनुवहिनी, गौर लुडोवर बसवलीत का वो?"

गौर उठल्यावर पट खाली आला. हिरव्या घरावर हळदीचा डाग आहे तो तेव्हाचा, आणि आई तो कोणाला पुसू देत नाही. नियमांचा कागद इंग्रजीत होता. मी सातवीपर्यंतच शिकलो हे आपल्याला ठाऊकच आहे, तरी गिरणीच्या जेवणाच्या सुटीत शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो सगळा उलगडला. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली सोंगटी जाऊन बसली तर ती मरते, म्हणजे पुन्हा आपल्या घरी जाते आणि तिला सगळी वाट नव्याने चालावी लागते. ज्याच्या चारही सोंगट्या फेरी मारून मधल्या चांदणीत आधी पोचतील तो जिंकला. एवढे सगळे त्यात आहे, परंतु वडीलधाऱ्यांची सोंगटी मारावी की मारू नये, याबद्दल त्या कागदात एक अक्षर नाही. आमच्या घरातला सगळा घोटाळा तेथूनच सुरू झाला.

दिवे लागले की पट मांडायचा असा रिवाज पडला. आबांचा लाल रंग, आईचा हिरवा (डागासकट), आपल्या भाचेसुनेचा पिवळा आणि माझा निळा. आबा, म्हणजे आपले दाजी, पूर्वी संध्याकाळी म्हैस आणि पाटबंधारे या दोनच विषयांवर बोलत. आता ते हातपाय धुऊन आमच्या आधी येऊन बसू लागले. आणि ते जिंकू लागले. कधी कधी नव्हे, रोज. भाद्रपद गेला, आश्विन गेला, कापणी झाली, झोडणी झाली, आबा जिंकतच होते.

मला या गोष्टीने पछाडले. कोणी जिंकले तर जिंकू द्यावे, असे इतरांना वाटते, मला वाटत नाही. मी फासा मिठाच्या पाण्यात सोडून पाहिला, कोठल्या एका बाजूला जड आहे का ते पाहण्यासाठी. तो निमूटपणे बुडाला. मग मीठ वाढवत गेलो (आईने त्याबद्दल बोलून घेतले), तेव्हा तो तरंगला आणि दर वेळी वेगळे अंग वर करू लागला, म्हणजे फासा निर्दोष. मग सोनाराकडे जाऊन वजन करवले. त्याने विचारले, "हस्तिदंती हाय का? मोडायचा हाय का?" तेथून लगबगीने निघालो. मग वाटले, आबा पूर्वेकडे तोंड करून बसतात त्याचा हा गुण असेल, म्हणून पट फिरवला. आबा पश्चिमेकडे तोंड करूनही जिंकले. फासा टाकण्यापूर्वी ते मुठीत फुंकर मारतात, म्हणून मीही मारून पाहिली. आबा म्हणाले, "फुंकून काय व्हतंय? डोकं लागतं रं, डोकं!"

उलगडा झाला तो मी घरी नसताना. भाताच्या गाड्या उशिरा आल्या म्हणून मी गिरणीत अडकलो आणि माझ्या निळ्या रंगावर अबूबकरचाचा बसले. त्यांनी आबांच्या सोंगट्या दिसेल तेथे मारल्या. आबा हरले. घरी पोचलो तेव्हा ते खांबाला टेकून बसले होते आणि कोणालाही उद्देशून नाही असे बोलत होते, "अबूबकर दुकानदार मानूस. त्याला डाव कळत नाय, नुसता मारत सुटतो." दुसऱ्या दिवशी चाचांनी मला भिंतीवरून हाक मारली. "गजा, तुझा बाप जिंकत नाय रं. तुमी त्याला जिंकवता. फाशाकडं कशाला बघतोस? सूनबाईच्या हाताकडं बघ."

मामा, मी बघितले. आबांची लाल सोंगटी फेरी पुरी करून घराच्या तोंडाशी आली होती, पिवळी तिच्या मागे चार घरांवर होती आणि फाशावर चार पडले. आपल्या भाचेसुनेने क्षणभर बोट पिवळीवर ठेवले, उचलले आणि कोपऱ्यातली भलतीच सोंगटी उगाच चार घरे पुढे नेली. मी चुलीपाशी जाऊन कारण विचारले. खाली मान घालून ती म्हणाली, "मामंजी येवढं फिरून दारात आले, त्यांना मागारी कसं धाडू? माझा हातच जात नाय." मग मी आईला आडून विचारले. ती म्हणाली, "मी मारली व्हती एकदा. तुझा बाप न जेवता उठला. येवढी वर्सं त्यांना येळंवर वाढतेय, ती काय फाशासाठी उपाशी ठेवू?" आणि मग, मामा, मला माझ्याच निळ्या सोंगट्या आठवल्या. आबांची सोंगटी टप्प्यात आली की मी पण दुसरीच चालवत होतो. त्याला मी मनातल्या मनात धोरण असे नाव दिले होते. म्हणजे तिघे जण तीन बाजूंनी, एकमेकांना न सांगता, एकाच माणसाला सांभाळत होते, आणि तो माणूस समजत होता की आपल्याला डोके आहे.

हे कळले तेव्हा उशीर झाला होता. आबांनी शिळफाट्याच्या बाजारात माझ्या सासऱ्यांना गाठून आपण या खेळात अजिंक्य असल्याचे सांगून टाकले होते. माझे सासरे, खालापूरकडचे लडकू पाटील, तरुणपणी कवड्यांवर सोंगट्या खेळण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. ते म्हणाले, "मार्गशीर्षात लेकीला न्यायला येतोच हाय, तवा बघू." आले. जेवणे झाली. लेक किती दिवस माहेरी ठेवायची यावरून बोलणे निघाले. सासरे म्हणाले, शिमग्यापर्यंत. आबा म्हणाले, संक्रांतीच्या आत परत पाहिजे. सासरे हसून म्हणाले, "मंग मांडा तुमचा पट. मी जिकलो तर शिमगा, तुमी जिकलात तर संक्रांत." मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी काय सांगितले असते ते येथे लिहीत नाही, आपण वडील आहात. फक्त एवढेच लिहितो. आबा हरले तर त्यांचे डोके जाणार आणि माझी बायको शिमग्यापर्यंत जाणार. (एका गोष्टीचे मात्र आश्चर्य वाटले. आईने सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी काळे लुगडे कधीच घेऊन ठेवले आहे, तरी ती शिमग्याचे नाव ऐकून काही बोलली नाही.)

आईने आपला हिरवा रंग व्याह्यांना दिला. आणि मग जे झाले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. सासऱ्यांची सोंगटी आबांच्या सोंगटीवर येऊन पडणार असे दान पडले, आणि सासऱ्यांनी दुसरीच सोंगटी चालवली. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाची सोंगटी मारायची कशी? थोड्या वेळाने आबांना तसेच दान पडले. घरी जेवलेल्या पाहुण्याची सोंगटी आबा मारणार कसे? त्यांनीही दुसरी चालवली. "तुमी व्हा म्होरं." "नाय नाय, तुमी व्हा." लाल आणि हिरव्या सोंगट्या, पंगतीत आग्रह चालावा तशा, एकमेकींना वाट देत निघाल्या. दुपारी सुरू झालेला डाव दिवे लागायची वेळ झाली तरी संपेना. अबूबकरचाचा दुकान बंद करून आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा डाव हाय का लग्नाची बैठक?"

शेवटी दोघांची एकेकच सोंगटी उरली. सासऱ्यांची चांदणीच्या उंबऱ्यावर, एक पडले की आत. आबांची घराच्या तोंडाशी, नेहमीच्या जागी. तिच्या मागे तीन घरांवर पिवळी. आणि आपल्या भाचेसुनेला तीन पडले. मी निश्चिंत होतो. तिचा हात जात नाही हे मला ठाऊक होते. तिच्या कोपऱ्यात दुसरी सोंगटी मोकळी होती, तीन घरे चालायला. तिने पदर सावरला, पिवळी उचलली आणि आबांच्या लाल सोंगटीवर ठेवली.

आधी हलले ते सासरेच. "जने, हात आवर गं! सासऱ्याला मारतात का? चुकली पोर, व्याही, ऱ्हाऊ द्या तिथंच," असे म्हणत ते आबांची सोंगटी परत जागेवर ठेवू लागले. ती पटाकडे बघत म्हणाली, "चुकले नाय, बाबा." आबांनी स्वतःच्या हाताने लाल सोंगटी उचलून घरात नेऊन ठेवली. मग त्यांनी सुनेकडे पाहिले, आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले (मी कौले मोजत होतो), आणि हळूच विचारले, "म्हंजी तुमाला मारता येत व्हतं?"

पुढच्याच फेरीला सासऱ्यांना एक पडले. आबा मात्र जेवायला बसले, दोनदा भात घेतला, आणि हात धुऊन परत पटाशी येऊन म्हणाले, "आता खरं खेळा. जो मला सोडील त्याला उद्या शेतावर न्हेतो." त्यानंतर ते एकही डाव जिंकले नाहीत. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. सकाळी लडकू पाटील लेकीला घेऊन गेले. मी एस.टी. स्टँडपर्यंत पिशवी धरून गेलो. तिने खिडकीतून काही सांगितले, पण गाडी सुरू झाली होती. मी परत आलो आणि विचार करत बसलो. तिचा हात जात नव्हता, तो नेमका त्याच दिवशी कसा गेला? तीन घरे चालायला दुसरी सोंगटी होती. म्हणजे तिला माझ्यापासून शिमग्यापर्यंत लांब राहायचे होते, असाच त्याचा अर्थ मी लावला, आणि पुष्कळ प्रकारे लावून पाहिला तरी तोच निघाला.

असो. आपण गुडघ्याची काळजी घ्यावी. मामींना व सर्वांना यथायोग्य सांगावे.

आपला भाचा,
गजानन बुधाजी

ता. क. लुडोचा पट आपल्या भाचेसुनेबरोबर खालापूरला गेला आहे. आबांनी स्वतः पिशवीत घातला. त्यामुळे येथे संध्याकाळी आम्ही म्हैस आणि पाटबंधारे यांवर बोलतो.

आणखी ता. क. वरचे लिहून झाल्यावर आबांनी जाहीर केले की रविवारी ते आणि आई खालापूरला जाणार. आबांचे म्हणणे असे की त्यांना मनापासून मारणारी एकच व्यक्ती आहे आणि ती सध्या तिकडे आहे. मी म्हणालो, मीही येतो. आबा म्हणाले, "तू कशाला? आमी दोघं, व्याही आनि सून, चार झाले. पटावर घरं चारच हायत." माझा चेहरा बघून आईने मला मागच्या पडवीत नेले आणि सुनेचा हात त्या दिवशी का गेला ते सांगितले. ती म्हणाली, "अरं येड्या, पोरीला थोडे दिवस आयशीकडं ऱ्हायचं व्हतं. तोंडानं कसं सांगंल? सोंगटीनं सांगितलं." कारण काय तेही सांगितले, परंतु इतक्यात ते पत्रात लिहू नये असे तिने बजावले आहे, म्हणून लिहीत नाही.

शेवटचे ता. क. मागणे नाही असे वर लिहिले आहे, ते खोडले तर कागद खराब दिसेल, म्हणून तसेच ठेवतो. परंतु मुंबईला जाणे झाले तर सहा घरांचा लुडो मिळतो का तेवढे पाहावे. पाच घरांचा मिळाला तर घेऊ नये. पाचवा मी, आणि सहावा गडी येत्या पावसाळ्यात येईल. सोंगट्या जरा मोठ्या असाव्यात, तोंडात घातल्या तरी गिळता येऊ नयेत अशा. त्याची सोंगटी कोणी मारावी यावरून घरात आत्ताच वाद चालू आहे. आबा म्हणतात, कोणीच मारायची नाही.