जावई सासूवर हल्ला करत नाही

७ जानेवारी, मंगळवार

लेकीचा घटस्फोट पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मंजूर होणार. वकीलबाईंनी सकाळी फोनवर दुजोरा दिला. दोघांचीही संमती आहे, कुणाची हरकत नाही, पाच मिनिटांचं काम — हे त्यांचे शब्द.

बातमी म्हणून चार ओळींची. डेस्कवर माझ्यापुढे आली असती तर मी आतल्या पानावरही घेतली नसती.

संध्याकाळी लेक येऊन गेली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. दारात चपला घालता घालता म्हणाली, "आई, त्याची कार्डं या घरातून हलव हं. निकालाच्या आधी."

त्याची कार्डं म्हणजे माझा डेक, मी दर गुरुवारी खेळते तो शंभर पत्त्यांचा संच.

"आणि गुरुवारचं काय?" मी विचारलं.

"ते तू ठरव."

ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात माणसं दुसऱ्याला ठरवू देत नसतात.

८ जानेवारी, बुधवार

लिहून काढते, म्हणजे डोक्यातला गुंता जरा सुटेल.

खेळ मला जावयाने शिकवला. लग्नाला वर्ष झालं असेल. लेक माहेरी आली की झोपायची, नवरा पेपर वाचायचा आणि जावई बिचारा सासूसमोर हात मांडीवर ठेवून बसायचा. एके दिवशी त्याने खिशातून कार्डं काढली. राक्षस, झाडं, जादूगार. मला वाटलं, लहान मुलांचं काहीतरी असेल. पाच वाजता बसलो, ते जेवायची वेळ टळली तरी उठलो नाही!

तेव्हापासून गुरुवार, माझ्या सुट्टीचा दिवस, कार्डांच्या दुकानात. मागच्या खोलीतलं टेबल. चौघं: जावई, दुकानाचे मालक, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर आणि मी. आम्ही शंभरी खेळतो. प्रत्येकाची शंभर कार्डं, एकाची दुसरी प्रत चालत नाही, एक कार्ड म्होरक्या. चौघं एकमेकांच्या विरुद्ध, शेवटी जो उरेल तो जिंकला.

माझी जवळजवळ सगळी कार्डं त्याच्या कपाटातली. "घ्या ना आई, माझ्याकडे पडूनच आहेत." म्हणून मला कधी डेक बांधावा लागला नाही. आयत्या पिठावर रेघोट्या.

आता प्रश्न सरळ आहे. कार्डं परत केली की माझ्याकडे खेळायला काही नाही. नवीन घ्यायची तर चांगल्या एकेका कार्डाला महिन्याच्या किराण्याचे पैसे पडतात. आणि सगळं जमवून गुरुवार ठेवलाच, तर तिथे तो असणार, आणि लेक म्हणणार, तू कुणाच्या बाजूने आहेस?

गुरुवार सोडवत नाही. तो मुलगाही. लेक तर नाहीच नाही.

नवरा म्हणाला, "पत्तेच ना? घरी रमी खेळू." तो रमीत पत्ते लपवतो.

९ जानेवारी, गुरुवार

डेक परत केला. खेळ सुरू व्हायच्या आधीच डबा त्याच्यासमोर ठेवला.

त्याने हातही लावला नाही. "आई, हे तुमचंच आहे. मी चालवला तर हरेन याने."

"घे. घरात ठेवायचा नाही असं ठरलंय."

कुणी ठरवलं ते त्याने विचारलं नाही. त्याला कळलं. त्याने डबा पिशवीत घातला आणि उगाच पिशवीची चेन दोनदा उघडून लावली.

आज शेवटचा गुरुवार म्हणून त्यानेच मला दुसरा एक डेक खेळायला दिला. डॉक्टर नेहमीसारखे सुरू. "आज तरी मार की रे यांना! समोर पूर्ण मोकळ्या बसल्यात."

टेबलावरचा जुना विनोद. इतक्या वर्षांत जावयाने माझ्यावर एकदाही हल्ला केलेला नाही. मी उघडी पडले तरी तो डॉक्टरांकडे वळणार. डॉक्टर बोंबलणार — "हा पक्षपात आहे!" मालक म्हणणार, "नियम आहे डॉक्टर. जावई सासूवर हल्ला करत नाही." त्यावर सगळे हसणार. मग मी निवांत माझी फौज वाढवणार आणि कधी कधी जिंकणार. ते जिंकणं कितपत खरं, याचा मी फारसा विचार केला नव्हता.

आज त्या विनोदावर मालक हसले नाहीत. डॉक्टरांच्या उशिरा लक्षात आलं. खोकले.

१२ जानेवारी, रविवार

स्वतःचं काहीतरी घ्यायचं ठरवलं. मालक दुकानात नव्हते, गल्ल्यावर त्यांची भाची होती. तयार डेकचा खोका घेतला. स्वस्त, साठ कार्डं, वर ड्रॅगन. शंभरीचा नाही, 'चालू' प्रकारातला. त्यात फक्त अलीकडच्या संचांतली कार्डं चालतात. शनिवारी त्याचं टेबल असतं. वार वेगळा, माणसं वेगळी. कुणाच्या बाजूने असण्याचा प्रश्नच मिटला!

स्वतःवर खूश.

१४ जानेवारी, मंगळवार

स्वतःवर खूश असण्याचं कारण नव्हतं.

मालकांना खोका दाखवला. त्यांनी उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "बाई, तुम्ही पेपरवाल्या ना? तारखेवर जगता ना?"

"हो. मग?"

"मग तारीख नाही बघितली? पुढच्या महिन्यात हा संच बाद होतोय. यातली निम्म्याहून जास्त कार्डं शनिवारच्या टेबलावर चालणार नाहीत. म्हणून तर स्वस्त लावला होता."

जन्म गेला दुसऱ्यांच्या चुकीच्या तारखा दुरुस्त करण्यात. मेले!

मालक भला माणूस. खोका परत घेतो म्हणाले. मी नको म्हटलं. मग त्यांनी स्टूल ओढून मला बसवलं आणि कमी पैशात खेळण्याचं शास्त्र सांगितलं. 'चालू' प्रकार आत शिरायला स्वस्त, टिकायला महाग, कारण दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. जुनं सगळं चालतं तो प्रकार आत शिरतानाच कंबर मोडतो. शंभरीत एकदा घेतलेलं कार्ड कधी बाद होत नाही आणि एकच प्रत लागते. शिवाय चौघांच्या खेळात दुबळा डेकही टिकतो, कारण सगळे आधी दांडग्याला मारतात. बंद पाकिटं घ्यायची नाहीत, ती लॉटरी आहे. सुटी कार्डं घ्यायची. आणि कार्डांच्या रंगांपैकी एकच रंग धरायचा, कारण दोन रंग जुळवणारी कार्डंच सगळ्यात महाग असतात.

"पण हे सगळं नंतर," ते म्हणाले. "आधी बघायचं, समोर कोण बसतंय. प्रकार स्वस्त आणि टेबल रिकामं, तर कार्डं काय चाटायची आहेत?"

१६ जानेवारी, गुरुवार

गेले नाही. कपाट आवरलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

मंजूर. लेकीने स्वतः कळवलं. पाच नाही, वीस मिनिटं लागली, पंखा बंद होता म्हणाली.

ऑफिसात त्याला काय म्हणायचं याचा विचार करत बसले. 'माजी जावई' हा शब्द आमच्या पेपरात कधी छापल्याचं आठवत नाही. माजी मंत्री असतो, माजी खेळाडू असतो.

२१ जानेवारी, मंगळवार

दुकानात गल्ल्याखाली एक पत्र्याचा डबा आहे. सगळे त्याला भंगार म्हणतात. लोकांनी पाकिटं फोडून नको म्हणून टाकलेली कार्डं. मूठभर घ्या, चहाच्या पैशात. पाळीवर जायच्या आधी तीन दुपारी मी त्या डब्यात हात घालून बसलेय. बोटांची टोकं काळी.

हिरवा रंग धरला. म्होरक्याही भंगारातच मिळाली: कंबरेवर टोपली घेतलेली एक म्हातारी, कपाळाला आठ्या. तिचं काम एवढंच, की माझ्या बाजूला नवीन प्राणी आला की मला थोडं आयुष्य मिळतं, म्हणजे बाद व्हायला तेवढा उशीर. डॉक्टर डोकावून म्हणाले, "ही तुमच्या नात्यातली का हो?"

म्हटलं, "तुमच्या दवाखान्यात दात काढून घेतल्यावरचा फोटो आहे."

हे काम मला जमतंय! बातम्या कापण्यासारखंच आहे. दीडशे कार्डं आवडली, शंभरच ठेवायची. जे छान आहे पण काही करत नाही ते काढायचं. एक सोनेरी काठाचं हरीण फार देखणं होतं. काढलं.

त्याचा डेक चालवताना मला कधी कळलंच नव्हतं कुठलं कार्ड का आहे. यातलं प्रत्येक कार्ड का आहे ते मी सांगू शकते.

२३ जानेवारी, गुरुवार

डेक घेऊन गेले. तो आला नव्हता. तिघंच खेळलो. तिघांत रंगत नाही, दोघं मिळून एकाला मारतात आणि संपतं.

डॉक्टर गेल्यावर मालकांनी सांगितलं. शनिवारी 'चालू'च्या टेबलावर जागा आहे का म्हणून त्याने विचारलंय. "म्हणतो, गुरुवार त्यांचा. मी वार बदलतो."

म्हणजे तोही माझ्यासारखाच सगळं मिटवायला निघालाय.

२५ जानेवारी, शनिवार

लेकीला आधी विचारावं की त्याला आधी कळवावं, यात दिवस घालवला. शेवटी लेकीला फोन केला.

"गुरुवारी मी खेळायला जाणार. तोही असावा असं मला वाटतं. कार्डं माझी आहेत आता."

पलीकडे कुकरची शिट्टी. मग, "त्याच्याशी माझ्याबद्दल बोलायचं नाही."

"नाही."

"माझ्याशी त्याच्याबद्दल नाही."

"नाही."

"मग जा की. मी काय तुला कोंडून ठेवलंय?" फोन ठेवता ठेवता, "तुला त्याच्या बाजूची म्हणाले नव्हते मी."

म्हणाली नव्हती, खरं आहे. ते वाक्य माझंच होतं.

त्याला एकच ओळ पाठवली — शंभरीला चौघं लागतात.

उत्तर तासाभराने. 'बरं.' आई नाही, काही नाही. नुसतं बरं.

३० जानेवारी, गुरुवार

आला. दाढी वाढवलेली. खुर्ची ओढताना "या" म्हणाला, मी आधीच बसलेली असताना. बावचळला होता.

माझ्या म्हातारीला पाहून त्याचे डोळे बारीक झाले. "हे सगळं भंगारातलं?" "सगळं." त्याने डेकवर हात फिरवला, न विचारता. सवय. मग हात मागे घेतला.

खेळ. मालक लवकर बाद झाले, डॉक्टरांची फौज मोठी म्हणून सगळे त्यांच्यावर. मी गरीब, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. प्राणी येतायत, आयुष्य वाढतंय. मालक म्हणाले होते तसंच. डॉक्टरही बाद झाले. उरलो आम्ही दोघं. माझ्याकडे अडवायला एकच कासव, आणि ते मी आधीच्या खेळीत हल्ल्याला पाठवून थकवून ठेवलेलं; थकलेलं कार्ड अडवू शकत नाही. पूर्ण मोकळी.

त्याने पत्ते बघितले, माझ्याकडे बघितलं. डॉक्टर नेहमीचं काही बोलले नाहीत.

"तुमच्यावर," तो म्हणाला. "सगळे."

त्याने सगळे प्राणी हल्ल्यासाठी आडवे केले. मी बेरीज केली. संपले होते.

डॉक्टर हळूच — "नियम मोडला."

"नियम राहिला नाही," जावई म्हणाला. म्हणजे तो. कान लाल झाले होते.

मी हात पुढे केला. आमच्यात खेळ संपला की हात मिळवतात. आम्ही दोघांनी आजवर कधी मिळवला नव्हता, तो वाकून नमस्कारच करायचा. त्याने हात मिळवला.

वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण घरी येताना पिशवी हातात हलकी लागत होती. पुढच्या वेळी ते कासव थकवायचं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

लेक आली होती. ठरल्याप्रमाणे मी काही बोलले नाही. तिनेच विचारलं, "मग? जिंकलीस?"

"हरले. शेवटी सगळे प्राणी अंगावर घातले."

"कुणी?"

मी तिच्याकडे बघितलं.

"तुझ्यावर? त्याने?" ती हसायलाच लागली. डिसेंबरपासून पहिल्यांदा. "बापरे! खरंच झालाय म्हणजे घटस्फोट."

६ फेब्रुवारी, गुरुवार

मी जिंकले. त्याला मारून. कासव ताजं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्याचा फोन. या गुरुवारी एकटा येणार नाही. सोबत एक मुलगी असेल, त्याच्या ऑफिसातली, तिच्याशी लग्न करायचं ठरतंय. तिला खेळ शिकायचाय. "मी शिकवायला बसलो की चिडतो. तुम्ही शिकवाल?"

लेकीला मीच सांगितलं, बाहेरून कळण्याआधी. अट मोडली. तिने तिकडे टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "शिकव. नीट शिकव. आणि मग हरव तिला."

गुरुवारी सहा वाजता येणार आहे. भंगारातून तिच्यासाठी शंभर कार्डं काढून ठेवली. लाल रंगाची. नवख्या हाताला सोपी.