शेकोटीजवळचे दोघे

प्रिय रत्नदीप,

प्रिय लिहिलं ते केवळ रीत म्हणून. आज तुझी इतकी चीड आलीय, की फोन केला असता तर नको ते बोलून बसले असते.

बुद्धपौर्णिमेला किन्हवलीला आलास, आईची पत्र्याची पेटी उघडलीस आणि तिच्या जुन्या लुगड्याच्या गाठीतलं सोन्याचं नाणं थेट काळू नदीत टाकून आलास. वर मलाच ऐकवलंस, "ताई, बौद्धाच्या घरात देवाचा टाक ठेवता? आजोबांनी देव नदीत सोडले ते उगाच काय?" अरे, आजोबांनी स्वतःचे देव स्वतःच्या हातांनी सोडले. तू दुसऱ्याच्या गाठीतलं सोडलंस, तेही ती झोपलेली असताना! विहाराच्या कमिटीत बसायला लागल्यापासून तुझी अक्कल चरायला गेलीय का?

आणि तो टाक नव्हताच मुळी. माझ्या रुचिताने मुंबईच्या संग्रहालयात काचेमागे हुबेहूब तसंच नाणं पाहिलंय. इराणच्या जुन्या राजाचं. एका बाजूला मुकुटवाला राजा, दुसऱ्या बाजूला त्यांच्या धर्मातला पवित्र अग्नी आणि त्याची राखण करणारे दोघे. आईला ते लावणीच्या चिखलात सापडलं होतं. तिने त्याला कधी हळद लावली नाही की कुंकू. एकदा विचारायला तुझं काय जात होतं?

आईला आता दिसत नाही. रोज दुपारी ती गाठ चाचपते, मी काहीतरी थाप मारते. काल थापा संपल्या, म्हणून दहाचं नाणं हातात दिलं. तिने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्ये ते नाय गो. माझी पोरं नाय याच्यावर."

मी विचारलं, कुठली पोरं? तर म्हणते, "शेकोटीपाशी दोघं उबी हायेत ना? डावा इंद्रजीत, उजवा रत्नदीप." आपला इंद्रजीत कसाऱ्याच्या घाटात अपघातात गेला, तेव्हापासून ती रोज दुपारी गाठ सोडून त्या डाव्या माणसावर अंगठा ठेवून बसायची, हे तिनेच काल सांगितलं. मला इतक्या वर्षांत पत्ता नव्हता.

मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. रविवारी ये. तिच्यासमोर बस, आणि तिच्या दोन्ही पोरांना नदीत कोणी टाकलं ते तुझ्या तोंडाने सांग.

एवढं होऊनही तुझीच,
पौर्णिमाताई