बंबावरचा तिसरा माणूस

रॉक लेक, मिशिगन
३ फेब्रुवारी १९८३

चि. रेइनो यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर आपण दोघं ओरडायलाच लागतो, म्हणून एकाच गावात राहून पत्र लिहितेय.

खाण बंद पडल्यापासून गावाची तिजोरी रिकामी आहे. नगरमंडळाने आगीच्या बंबावर तिघांऐवजी दोघंच ठेवायचं ठरवलंय. वाद लवादाकडे गेलाय आणि मी मंडळात असल्यामुळे तिथे मंडळाची साक्ष मीच देणार. तू अग्निशामकांच्या युनियनचा अध्यक्ष, म्हणून आधी तुझ्या कानावर घातलं. तुझी माणसं आजारपणाचं निमित्त करून सगळी एकदम घरी बसणार म्हणे! कायद्याने तुम्हाला संप करता येत नाही, हे त्यांना बजाव.

खोकला अंगावर काढू नकोस.
तुझी ताई,
लेंपी

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. युनियनच्या सगळ्यांना घरी बोलावून कॉफी पाजली. संप नाही तर आपल्या हातात उरलं काय, असं माझ्याबरोबर बंबावर असणाऱ्या वेइक्कोने विचारलं. मी म्हणालो, लवाद. त्याचा निकाल आपल्यालाही बंधनकारक, गावालाही. शिव्या खाल्ल्या, पण सगळे कामावर आले.

दोघं असले की एक पंपाशी अडकतो आणि दुसरा धुरात एकटा शिरतो. तो पडला तर त्याला ओढून काढणार कोण? साक्षीत काहीही सांग, खोटं तेवढं सांगू नकोस.

राग धरू नये.
रेइनो

२ मार्च

चि. रेइनो,
अ. आ. साक्ष संपल्यावर तू न बोलता निघून गेलास. दोन माणसं पुरतात, हे मी पढवल्यासारखं म्हणाले, ते तू ऐकलंसच. मग तुमच्या वकिलाने विचारलं, की तुमचं घर पेटलं तर या भावाला एकट्याला आत पाठवाल का. नाही म्हणाले. आता मंडळात माझ्याशी कुणी बोलत नाही. गावाचं वाटोळं केलंस, असं महापौर तोंडावर म्हणाले.

तू तरी दोन ओळी लिही.
लेंपी

१९ एप्रिल

ती. ताई,
सा. न. निकाल आला. तिसरा माणूस राहिला, पगारवाढ मात्र दोन वर्षं नाही. लवादाचा शब्द शेवटचा. मी सगळ्यांना विकलं, असं म्हणून आमच्याच माणसांनी मला अध्यक्षपदावरून काढलं. ठराव वेइक्कोनेच मांडला.

त्या दिवशी मी बोललो नाही, कारण तोंड उघडलं असतं तर सगळ्यांदेखत रडलो असतो.

आज बंबावर मी, वेइक्को आणि सॅम. वेइक्को माझ्याकडे बघतसुद्धा नाही. पण आग लागली तर पुढे मी शिरणार आणि माझ्या मागोमाग तोच येणार.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा,
रेइनो