असोद्याची परदेशी भगिनी

जळगाव,
माघ महिना (थंडी अजून हटलेली नाही)

श्रीयुत लीलाधर नाना यांस,
गिरधरचा साष्टांग नमस्कार.

जावयानं बायकोच्या भावाला साष्टांग घालायची आपल्याकडे रीत नाही, हे मला माहीत आहे. तरी घातला आहे, यावरून काय ते समजा. पत्रास कारण की, तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि माझे मेसेज न वाचताच पुसून टाकता, असं तुमच्या समाधाननंच मला सांगितलं (पोरावर रागावू नका, खरं बोलला बिचारा). म्हणून पोस्टाची वाट धरली. तुमच्या गुडघ्याचं कसं काय आहे? पिंपळनेरला थंडी आमच्यापेक्षा जास्त, तेव्हा तेल लावत जा. मातोश्री यशोदाबाई गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा, घर सुनं वाटत असेल, काळजी घ्यावी. इकडे माझं सर्व क्षेम आहे. म्हणजे नाही. हे एवढं लिहिताना मी तीनदा उठलो, एकदा पाणी प्यायला आणि दोनदा कशाला ते आठवत नाही. कोकिळा घरात नसली की या घरात बसायला जागाच सापडत नाही, सगळ्या खुर्च्या कुणाच्या तरी दुसऱ्याच्या वाटतात.

तिनं तिकडे काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल. माझी बाजूही ऐकून घ्या. तुम्हाला ठाऊकच आहे, मी वरणगावच्या फॅक्टरीत उभी हयात तपासणी खात्यात काढली. केसाएवढा चरा असला तरी माल परत पाठवणारा माणूस मी. निवृत्त झालो, जळगावला आलो, आणि पाहतो तो काय, आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात शिकली-सवरलेली माणसं सकाळी उठल्यापासून फोनवर येईल ते गिळत होती आणि पुढे ढकलत होती. कुणी हळदीनं मोतीबिंदू उतरवतो, कुणाला चंद्रावर देऊळ दिसतं. मला राहवेना. मी संघात डिजिटल साक्षरतेचा वर्ग सुरू केला. ‘आधी नीट पाहा, मग विचार करा, मग पाठवा’ हे वाक्य मी फळ्यावर रंगीत खडूनं लिहून ठेवलं होतं. (अजून आहे. पुसायला कुणी पुढे येत नाही. मीही जात नाही.) कोकिळा म्हणायची, तुम्ही लोकांना पाहायला शिकवता हे बरंच आहे. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

तर झालं असं. पौषात असोद्याला माझ्या पुतणीच्या, मेघाच्या शेतात भरीत पार्टी होती. तुम्हाला बोलावलं होतं, तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत (आला असतात तर हे सगळं टळलं असतं, पण तो दोष मी तुम्हाला देत नाही). कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर असोद्याची पांढरट हिरवी वांगी, कळण्याच्या भाकरी, सगळा थाट. कोकिळानं मातोश्रींचं लाकडी उखळ मुद्दाम सोबत घेतलं होतं, भरीत त्यातच ठेचणार म्हणून. गारठा मरणाचा, म्हणून तिनं माझी फॅक्टरीतली जुनी खाकी जर्सी अंगात चढवली होती आणि धुरासाठी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. आम्ही पुरुष मंडळी पलीकडे खाटेवर बसून देशाची चिंता करत होतो. मेघानं तेवढ्यात जाळाशी बसलेल्या काकूचा व्हिडिओ काढला आणि प्रेमानं कुठेतरी टाकला. मला याची कल्पना नाही. कारण मी पाहिलाच नाही.

नंतर बऱ्याच दिवसांनी एक व्हिडिओ जगभर फिरून माझ्या फोनवर आला. आवाज काढून टाकलेला, वर रडकं संगीत, खाली हिंदीत मजकूर, की दूर डोंगराळ देशात भूकंप झाला आणि या माउलीचं होत्याचं नव्हतं झालं. नाना, मी तो तपासला. खरंच तपासला. धूर होता. पडलेल्या छपराच्या काटक्या होत्या. बाईच्या हातात जळून काळं झालेलं काहीतरी होतं आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी स्वतःशी म्हटलं, हे अश्रू खोटे नाहीत, खोटे अश्रू मला कळतात. आणि मला वाटलं, आपल्या वर्गाला हा उत्तम धडा आहे. खोटं कसं ओळखावं हे तर झालंच, आता परक्या संस्कृतीतलं खरं दुःख कसं वाचावं, हेही शिकवलं पाहिजे.

वर्गाच्या दिवशी सभागृहात मोठा पडदा लावला. कोकिळा बायकांच्या रांगेत बसली होती, चिवडा तिनंच करून आणला होता. मी काठीनं पडद्यावर एकेक गोष्ट दाखवत गेलो. पाहा म्हटलं, त्यांच्याकडे बायका पुरुषांच्या वेषात वावरतात, यात कमीपणा मानत नाहीत. डोक्याला फडकं गुंडाळायची त्यांची पद्धत पाहा. कपाळ रुंद, गालाची हाडं वर, ही डोंगराळ भागातल्या बायकांची ठेवण. (नाना, ही ठेवण तुमच्या घराण्याची आहे, तुमचीही अशीच आहे, हे मला आता दिसतं.) सगळे माना डोलवत होते. एवढ्यात बायकांच्या रांगेतून कोकिळाचा आवाज आला. चारचौघांत ती कधी अहिराणी बोलत नाही, त्या दिवशी बोलली.

“हाई कोन शे?”

मला वाटलं, हिनं वर्गाच्या वतीनं शंका विचारली. मी आनंदानं सांगितलं, ती एक परदेशी दुर्दैवी भगिनी आहे. भगिनी म्हणालो, नाना. पडद्यावर ती, समोर ती, मध्ये मी काठी घेऊन. वर सगळ्यांना उभं राहायला लावून त्या भगिनीसाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळायला लावली. कोकिळाही उभी राहिली.

घरी आल्यावर तिनं वाढलं. भरीतच होतं. मी चव घेत घेत वर्ग कसा रंगला ते सांगत होतो. ती आत गेली, ती खाकी जर्सी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. मी म्हटलं, बटण तुटलंय का? ती म्हणाली, “बठ्ठा जगनी देखं, तुम्हीच नही देखं.” सगळ्या जगानं पाहिलं, मीच नाही, हे मला वाटलं बटणाबद्दलच बोलते आहे. सकाळी तिनं धुळ्याची एसटी धरली, तिथून साक्री, तिथून तुम्ही. मी समजलो, नानांच्या गुडघ्यासाठी चालली. तेल पण दिलं बरोबर.

ती गेली त्याच दिवशी शेजारचे गुलाबभाऊ आले आणि दाराबाहेरूनच विचारायला लागले, की वहिनींचा व्हिडिओ असा सगळ्यांपुढे दाखवला, वहिनी रागावल्या नाहीत ना? मी म्हटलं, कसला व्हिडिओ? तेव्हा कळलं, की गुलाबभाऊंनी पहिल्या क्षणाला ओळखलं होतं. त्यांच्या बायकोनंही. जवळजवळ अख्ख्या रांगेनं. मग बोलला का नाहीत, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते म्हणाले, तुम्ही इतक्या खात्रीनं सांगत होतात, मला वाटलं माझेच डोळे गेले. आता सांगा, अशा माणसांना मी काय शिकवत होतो? आणि ती काय शिकली? एवढंच, की काठी ज्याच्या हातात त्याचं खरं. त्यांना रागवावं तरी पंचाईत, कारण काठी माझ्याच हातात होती.

दार लावून मी फोन काढला. खोटं कशाला सांगू, तरीही पहिल्या फटक्यात ती मला दिसली नाही. आधी दिसले माझे बूट. कोपऱ्यात खाटेखाली, डाव्याची नाडी सुटलेली. बूट मी बरोबर ओळखले. मग जर्सी, मग टॉवेल, मग उखळ, आणि सगळ्यात शेवटी बायको. माणूस खोलीत कितीही चकरा मारो, हा क्रम काही बदलता येत नाही. मी बदलून पाहिला.

मग मी तो व्हिडिओ कुठे कुठे फिरला याचा माग काढत बसलो (बसलो कसला, उभ्यानंच). नाना, तुमची बहीण कुठे कुठे जाऊन आली आहे! एका देशात लोकांनी तिला अग्नीची पूजा करणारी ठरवलं. दुसरीकडे ती विधवा झाली आणि लोकांनी मला श्रद्धांजली वाहिली. एका हुशारानं लांबलचक लिहून सिद्ध केलं, की ही बाई खरी नाहीच, यंत्रानं तयार केलेलं चित्र आहे, बोटांची ठेवण बघा, जिवंत माणूस असं काही धरत नाही. त्याच्या खाली हजारोंनी अंगठे. आणि त्या सगळ्या गर्दीत अझरबैजान नावाच्या देशातल्या सेविंज नावाच्या एका बाईंनी त्यांच्या भाषेत दोन ओळी टाकल्या होत्या. फोनकडून मराठी करून घेतल्या, त्या अशा: “भूकंप कुठला? ती वांगी भाजते आहे. देठ धरून फिरवते आहे, बघा. आमच्याकडेही असंच भाजतात. तुम्ही लसूण किती घालता?” बस. त्या बाईंनी कुठला वर्ग केला नव्हता. हातात काय आहे ते पाहिलं, आणि आपल्या स्वयंपाकघरात आठवून पाहिलं. मी असोद्याचं भरीत जन्मभर खात आलो, पण वांगं भाजताना कधी धरलं असेल तर शपथ. (त्यांना लसणाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. ते मला माहीत नाही.)

असो. सारांश काय, तर यात कोणाचाच वाईट हेतू नव्हता. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, जग त्याला दुःख समजलं, आणि जगाच्या नादानं मीही. एवढ्या साध्या गैरसमजासाठी बायकोनं माहेरी बसून राहणं बरं दिसत नाही. येत्या रविवारी माझं पुढचं व्याख्यान आहे, त्यात मी हा सगळा किस्सा माझ्यावरच घेऊन सांगणार आहे, तेव्हा ती समोर असली तर शोभा येईल. तुम्ही वडीलकीनं चार शब्द सांगून तिला धुळ्याच्या गाडीत बसवून द्यावं, ही विनंती. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद.

आपला,
गिरधर

ता. क. : रविवारचं व्याख्यान रद्द झालं आहे. म्हणजे व्याख्यान आहे, पण गुडघेदुखीवर, आणि बोलायला एक वैद्य येणार आहेत. संघानं मला विचारलंही नाही. तेव्हा व्याख्यानासाठी तिला पाठवायचं कारण उरलेलं नाही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं आहे. वर मी धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं लिहिलं, ते खोडायचं होतं, पण खोडून पान खराब झालं असतं, म्हणून इथे लिहितो. मी तो व्हिडिओ परत पाहिला. या वेळी तिच्याकडे न पाहता धुराकडे पाहत राहिलो. नाना, धूर तिच्याकडे जातच नाही. तो सगळा खाटेकडे येतो. मला आठवतं, आम्ही खोकत होतो, खाट सरकवा म्हणून ओरडत होतो. तिच्या बाजूला हवा स्वच्छ आहे. ती रडत होती. मांडीशी मातोश्रींचं उखळ आहे, एक हात त्यावर आहे, आणि ती रडते आहे. असोद्याला जाताना गाडीत ती म्हणाली होती, की मायशिवायचं हे पहिलं भरीत. मी ‘हं’ म्हणालो होतो. फोनवर काहीतरी वाचत होतो. या पत्राच्या सुरुवातीलाही मी तो पहिला हिवाळा लिहून मोकळा झालो आणि लगेच स्वतःच्या खुर्च्यांवर आलो, तुम्ही पाहिलंच असेल.

सभागृहात त्या दोन मिनिटांत ती मान खाली घालून उभी होती. मी वरून पाहिलं आणि मनात म्हटलं, किती शिस्तीत उभी आहे. आता वाटतं, त्या सभागृहात खरी स्तब्धता तिनं एकटीनंच पाळली, आणि कुणासाठी ते तिलाच ठाऊक.

तेव्हा तिला पाठवू नका. गाडीत बसवू नका. तिला एवढंच विचारा, मी पिंपळनेरला आलो तर चालेल का. मी विचारलं तर उत्तर ठरवूनच विचारतो, असं तिचं म्हणणं आहे, म्हणून तुम्ही विचारा. हो म्हणाली, तर तिकडे एकदा भरीत करू. वांगी मी असोद्याहून आणीन, उखळ आणीन. देठ धरायला ती शिकवेल तर शिकेन, नाही तर नुसता शेजारी बसेन. धुराकडची जागा तेवढी माझ्यासाठी ठेवा.